तोच आवाज पाहिजे

गुरुराज वकील घरात टेकले आणि लाईट गेली. मे महिन्यातलं सोलापूर, दुपार नुकती तापायला लागलेली. कूलर घरघरत थांबला आणि बाहेरच्या खोलीत बसलेली शिवशरणांची सगळी माणसं एकमेकांना नको इतकी स्पष्ट ऐकू यायला लागली. एरवी त्या कूलरच्या आडोशानं या घरात कितीतरी गोष्टी न बोलताच निभावून नेल्या जात. आज ती सोय नव्हती.

"बघा, आधी हे ऐका," वकिलांनी घाम पुसत मोबाईल टीपॉयवर ठेवला. "कंपनीनं पोलिसातल्या तक्रारीला जोडलंय हे. सगळा खेळ ह्याच्यावरच आहे."

मोबाईल बोलायला लागला तसे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले तात्या सावरून बसले. आवाज त्यांचाच होता.

"जय भीम मंडळी! मी नागनाथ शिवशरण, मंद्रूपकर. हातोहातवर आलात, लई बरं वाटलं. घरात जुनी कॅसेट पडली असंल तर कपाटात कुजवू नका. कंपनीची असू द्या न्हाईतर लग्नात भरलेली असू द्या, समदी हितं टाका. गानं कुनाचं बी असू द्या, ज्याला पायजे त्यानं घ्यावं, गावं. फकस्त शेवटाच्या कडव्यात ज्याचं नाव हाय, त्ये कापू नका. नाव कापनं म्हंजे चोरी."

तात्यांना राहवलं नाही. "सकाळच्या पारी भरलं व्हतं की रं हे," ते नातवाला, अभिमन्यूला म्हणाले. "म्हनून गळा जरा जड लागतोय. न्हाईतर आनखी मोकळं आलं असतं."

अभिमन्यूनं मान खाली घातली. बुद्धभूषण बापाकडं बघत राहिला. म्हाताऱ्याचं ज्या आवाजानं तोंड उजळलं होतं, त्याच आवाजापायी आपल्या पोरीच्या दारात पोलीस आलेत, हे म्हाताऱ्याला अजून नीट उमगलं नव्हतं. ते उमजवायचं काम शेवटी आपल्याच गळ्यात येणार, हे बुद्धभूषणला तेव्हाच कळून चुकलं.

हातोहात हे ॲप म्हणजे चैतालीचं लेकरू. पुण्यातली चांगली नोकरी सोडून, चुलतभाऊ अभिमन्यूला हाताशी धरून तिनं ते उभं केलं होतं. गावोगावच्या गायन पार्ट्यांनी गायलेली भीमगीतं, जुन्या कॅसेटींवरची, जलशात कुणी टेपवर भरून घेतलेली, लोकांनी आपापल्या फोनवरून एकमेकांना द्यायची. केम गावच्या माणसाकडचं गाणं करमाळ्याच्या माणसाला मिळायचं, मंद्रूपचं थेट पुण्यात ऐकू जायचं. बापानं, म्हणजे बुद्धभूषणनं, सुरुवातीला नाकं मुरडली होती. जिल्हा परिषदेत आयुष्यभर फायली हलवलेल्या माणसाला हवेत चालणारा धंदा कळत नव्हता. पण या एप्रिलात जयंतीला चौकाचौकातल्या स्पीकरवर हातोहात वाजलं आणि शेजारीपाजारी त्याला थांबवून पोरीचं कौतुक सांगायला लागले, तेव्हा तोही जरा छाती काढून चालला. त्याच जयंतीला, यातली बरीच गाणी ज्यांनी कॅसेटवर काढली होती त्या मुंबईच्या कंपनीच्याही कानावर ते गेलं.

"तात्यांनी काही वाईट सांगितलंय का त्यात?" चैताली म्हणाली. रात्रभर न झोपल्यानं तिचे डोळे लाल झाले होते. "नाव कापू नका, एवढंच तर म्हणतात."

"तेच नडलं की ओ ताई," वकील म्हणाले.

गायन पार्ट्यांची एक रीत आहे. शाहीर गाणं लिहितो आणि कुठल्या पार्टीनं मागितलं तर देऊन टाकतो. चहापाण्यावर गाणी इकडची तिकडं जातात. मात्र शेवटच्या कडव्यात शाहिरानं आपलं नाव गुंफलेलं असतं आणि गाणारा कुठल्याही गावचा असो, ते नाव जसंच्या तसं घ्यायचं असतं. ज्यानं ते गाळलं, किंवा त्या जागी स्वतःचं बसवलं, त्याला पुढच्या जयंतीची सुपारी मिळत नाही. तात्या या रीतीत वाढले, या रीतीनं गायले. नातीनं ॲपच्या दारात उभं राहून, म्हणजे ॲप उघडताच ऐकू येतील असे, चार शब्द बोला म्हटल्यावर त्यांनी तीच रीत सांगितली. आपण चोरीविरुद्ध बोलतोय, असंच त्यांना वाटलं होतं.

"आता कायद्याच्या बाजूनं बघा," वकील समजावत म्हणाले. "दुकानदाराला माल चोरीचा आहे हे माहीत नव्हतं, आणि कळल्यावर त्यानं काढून टाकला, तर त्याला वाचायला जागा असते. तुमच्या दारात मात्र माणूस उभा करून ठेवलाय. तो म्हणतो, कंपनीची कॅसेट असली तरी टाका. वर म्हणतो, गाण्याला धनी असतो, त्याचं नाव राखा. म्हणजे दुसऱ्याचा माल आहे हे ठाऊक असून तुम्ही बोलावलं. तीन वर्षांपर्यंतची कैद आहे ह्याला."

कैद म्हटल्याबरोबर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या चैतालीच्या आईनं, शालननं, पदर तोंडाला लावला. तिच्या हातात चहाचा ट्रे होता तो तसाच राहिला.

"पण सर, आपल्याकडं एक पण गाणं नाहीये," अभिमन्यू म्हणाला. ॲपची सगळी यंत्रणा त्यानं बांधलेली, त्यामुळं त्याला तिचा भारी अभिमान. "गाणी लोकांच्या फोनात आहेत. आपण फक्त ह्याला सांगतो की त्याच्याकडं आहे. वाट दाखवणाऱ्याला कुठं पकडतात का?"

"वाट दाखवणारा 'या, इकडून माल उचला' म्हणून ओरडायला लागला, तर पकडतात."

चैतालीनं लॅपटॉप मांडीवर ओढला. तिच्याकडं बेत तयार होता. बेत नाही अशी वेळ तिच्यावर लहानपणापासून कधी आली नव्हती. कंपनीची म्हणून जेवढी गाणी दाखवतील तेवढी आजच बंद करायची. उरलेल्या पार्ट्यांना भेटून, त्यांच्याकडून परवानगी लिहून घेऊन, त्यांचीच गाणी ठेवायची. जयंती मंडळांकडून वर्गणी घ्यायची, त्यातला वाटा गाणाऱ्यांना द्यायचा. "एक वर्ष द्या मला. सगळं कायद्यात बसवते. लोक आपल्या बाजूनं आहेत."

"धंदा म्हणून बेत चांगला आहे," वकील म्हणाले, आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं. "पण हे पुढचं झालं. मागचं झालंय त्याचं काय? तक्रारीत तुमचं नाव आहे, ह्या पोराचं आहे. उद्या चौकशीला बोलावलंय. अटकपूर्व जामिनाला मी उभा राहतो, पण मिळेलच म्हणून छातीठोक सांगत नाही."

मग अभिमन्यू हळूच म्हणाला, "एक करता येईल. तात्यांनी ते स्वतःच भरून टाकलं, आम्हाला माहीतच नव्हतं, असं सांगितलं तर? त्या वयाच्या माणसाला कोण आत टाकतंय?"

"लाज आहे का रे तुला!" शालन कडाडली. ट्रे तिनं आपटूनच खाली ठेवला. "तुझा बाप गेल्यावर ह्याच माणसानं तुला खांद्यावर घेऊन वाढवलं की. आणि आता त्यांनाच पुढं करायलास?"

"काकू, मी ताईला वाचवायला बोलायलोय."

"स्वतःला वाचवायला बोलायलास."

"अगं शालन, वरडू नगं," तात्या म्हणाले. त्यांना आता कुठं अंदाज यायला लागला होता. "पोरगं बराबर बोलतंय. आवाज माजा हाय. मीच भरला, मीच जबाबदार. घाला की माज्यावर. जेलात बी गानारी मानसं असतील."

ते हसले. कुणीच साथ दिली नाही तेव्हा त्यांनीही हसू आवरतं घेतलं.

"नाही," चैताली म्हणाली. "तात्यांनी आधी साधंच भरलं होतं. नुसतं जय भीम आणि स्वागत. मीच म्हटलं, तात्या, असं नको, स्टेजवर बोलता तसं बोला. हे वाक्य ऐकून मी नाचले होते. ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं होतं, हेच आपलं धोरण, म्हणून. ते मेसेज सगळ्यांच्या फोनात आहेत."

"मग खोटं प्रतिज्ञापत्र करायचं नावच काढू नका," वकील म्हणाले. "तोच फास बसेल तुम्हाला."

आपल्या पोरीच्या प्रामाणिकपणाचा बुद्धभूषणला त्या क्षणी संताप आला. चारचौघांत असं खरं बोलायची खोड तिला आजोबाकडून आलेली. माझ्यावर गेली असती तर गप्प बसली असती, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचीच कीव आली.

"दुसरा काही मार्ग?" त्यानं विचारलं.

वकिलांनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, पुन्हा पिशवीत ठेवला. "कंपनीच्या वकिलाशी काल बोललो. ते तक्रार मागं घ्यायला तयार आहेत. पण ॲप त्यांच्या ताब्यात द्यायचं. लोकांनी टाकलेलं सगळं त्यांच्याकडं जाणार, घरगुती भरलेलं सुद्धा. आणि आजच्या आज तात्यांच्या आवाजात नवं भरून द्यायचं, की माझं चुकलं, ही गाणी कंपनीची आहेत, कुणी कुणाला देऊ नका. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, म्हातारा माणूस आहे. ते म्हणाले, नाही, तोच आवाज पाहिजे. लोक त्याचंच ऐकतात."

खोलीत उकडत होतं आणि कुणी हातपंखाही हलवत नव्हतं.

"नावं ऱ्हातील का?" तात्यांनी विचारलं.

"कसली?"

"शेवटाच्या कडव्यातली."

वकिलांना याचं उत्तर माहीत नव्हतं. चैतालीला होतं. तिनं फोनवर काहीतरी शोधलं आणि कंपनीनं अलीकडं इंटरनेटवर चढवलेलं तात्यांचंच एक गाणं लावलं. ऐन उमेदीतला तात्यांचा गळा, मागं ढोलकी, झील धरणारे दोघंतिघं. एक कडवं झालं, दुसरं झालं, आणि तिसरं सुरू होता होता आवाज लहान होत विरून गेला.

"लांबी कमी केलीय," ती म्हणाली. "सगळ्याच गाण्यांची केलीय. शेवटचं कडवं एकाही गाण्यात ठेवलेलं नाही. आणि ह्यांना आपण सगळं हातानं नेऊन द्यायचं? पप्पा, मी जाते जेलात. मला चालेल."

"मला चालणार नाही," बुद्धभूषण म्हणाला.

"तुम्हाला विचारत नाहीये मी."

"चैताली!" शालन म्हणाली. पण तिचा राग आता पोरीवर नव्हता, नवऱ्यावरही नव्हता. ती येऊन बुद्धभूषणच्या बाजूला बसली. लग्नापासून आजपर्यंत गाण्यावरून वाद निघाला की ती सासऱ्याची कड घ्यायची. नवरा चिडायचा, ती घ्यायचीच. आज पहिल्यांदा ती अलीकडं आली. "मामा, मला तुमची गाणी किती आवडतात तुमाला माहिताय. पण पोरीचं लग्न व्हायचंय अजून. उद्या तिला चौकीत बसवून ठेवलं तर मी काय करू? सांगा की तुमीच."

अभिमन्यूनंही मान हलवली. काकूनं मघाशी झाडलं ते विसरून तो तिच्याच बाजूला सरकला. पलीकडं उरले तात्या आणि चैताली, एक खुर्चीत, एक जमिनीवर त्या खुर्चीच्या पायाशी. बुद्धभूषणनं ते बघितलं आणि त्याला उगाच आपण परके आहोत असं वाटलं.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं गं!" आणि गल्लीत घागरी, बादल्या, पाईप यांची धांदल उडाली. पाणी काही कुणाच्या खटल्यासाठी थांबत नाही. आज चुकलं तर पुन्हा कधी सुटेल ते कुणी सांगावं. शालन उठायला लागली. "तू बस," बुद्धभूषण म्हणाला. "तात्या, या जरा. पाईप धरायला."

मागच्या बोळात बाप-लेक पिंपाशी उभे राहिले. पाण्याला जोर नव्हता. तात्यांनी दोन्ही हातांनी पाईप धरला होता.

"तात्या, कंपनीला ते भरून द्या," बुद्धभूषण म्हणाला.

"आरं, पन त्ये नावं कापनार. बसू शाहिराचं नाव हाय त्यात, त्याच्या बापाचं हाय. मेलेली मानसं हायत. त्यांनी माज्या बोलन्यावर इस्वास ठेवून दिली गानी."

"मेलेल्यांना काय होणार आहे? जिवंत आहेत त्यांचं बघा."

"चैतीला इचारलंस का?"

"तिला काय विचारायचं. ती तुमच्यावर गेलीय. तुम्ही सांगितलंत तरच ती गप्प बसेल. मी सांगून बसणार नाही." त्याचा आवाज चढला आणि लगेच त्यानं तो खाली आणला, कारण बोळात शेजारणी होत्या. "आयुष्यभर मी तुमच्याकडं काही मागितलं नाही. तुम्ही जलशाला जायचात, आई दुसऱ्याच्या शेतात जायची, आम्ही दोघं भाऊ शेजाऱ्याकडं जेवायचो. तेव्हा बोललो नाही. आता मागायलोय. माझी पोरगी मला घरात पाहिजे."

तात्यांच्या हातातला पाईप पिंपाबाहेर गेला आणि पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. बुद्धभूषणनं पाईप धरून पुन्हा आत घातला.

"तुला कदी आवडलंच न्हाय," तात्या म्हणाले.

"काय?"

"माजं गानं."

बुद्धभूषणला नाही म्हणता आलं असतं. खोटं बोलायला त्याला बाकी कुठं अडचण येत नसे. पण तो पिंपात चढणाऱ्या पाण्याकडं बघत राहिला. शाळेत असताना एकदा करमाळ्याला बापाचा कार्यक्रम होता आणि हजार माणसं हात वर करून 'पुन्हा' म्हणून ओरडत होती. तेव्हा हा स्टेजमागं एका खोक्यावर बसून पाढे पाठ करत होता, आणि कुणी येऊन 'तुझे वडील काय गातात रे!' म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करत होता. गाणं संपल्यावर बाप घामानं निथळत मागं आला होता आणि त्यानं विचारलं होतं, कसं झालं? उत्तर त्यानं तेव्हाही दिलं नव्हतं.

"भरतो," तात्या म्हणाले. "पन चैतीला मी सांगतो. तू मदी पडू नगं."

पिंप भरायच्या आतच पाणी गेलं.

तात्यांनी चैतालीला काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही. दोघं दहा-पंधरा मिनिटं तिच्या खोलीत होते, आणि आतून ना रडण्याचा आवाज आला ना भांडणाचा. बाहेर आली तेव्हा चैतालीनं वकिलांना एवढंच म्हटलं, "कागद पाठवायला सांगा. मी सही करते." बापाकडं तिनं बघितलं नाही. पुढंही पुष्कळ दिवस बघितलं नाही, पण ती गोष्ट वेगळी.

कंपनीनं मजकूर लिहूनच पाठवला होता. गुरुराज वकिलांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. तात्यांना चष्म्याशिवाय अक्षर लागत नव्हतं आणि चष्मा लावून वाचलं की आवाज वाचल्यासारखा येतो म्हणून त्यांनी तो तोंडपाठच करायचं ठरवलं. एकदा ऐकला, पुन्हा एकदा ऐकला, झालं. गाणाऱ्या माणसाची ती सवयच.

लाईट आली आणि कूलर सुरू झाला. शालननं उठून तो बंद केला. अभिमन्यूनं फोन तात्यांच्या तोंडासमोर धरला. तात्यांनी त्याचं मनगट धरून फोन जरा जवळ घेतला.

"पानी दे गं," ते शालनला म्हणाले. दोन घोट प्यायले. घसा खाकरला. धोतर अजून ओलंच होतं. ते त्यांनी गुडघ्यावर नीट ओढून घेतलं, पाठ ताठ केली आणि मान हलवून अभिमन्यूला खूण केली.

"जय भीम मंडळी. मी नागनाथ शिवशरण, मंद्रूपकर. मागं मी तुमाला सांगितलं व्हतं, गानी टाका, गानी घ्या. त्ये माजं चुकलं. ही गानी आपली न्हाईत, कंपनीची हायत. माज्यावर इस्वास ठेवून तुमी टाकलीत, आता माज्याच इस्वासानं थांबा. कुनी कुनाला देऊ नका. हातोहात आजपास्नं आपलं न्हाय. जय भीम."

एका दमात, एकही शब्द न चुकता. आणि काय तो आवाज लागला होता! मधल्या त्या विश्वासाच्या ओळी तर कागदात नव्हत्याच, त्या त्यांनी आपल्या घातल्या होत्या, बोलणं लोकांना पटावं म्हणून. या वयात, त्या घुसमटलेल्या खोलीत, सकाळपासून सुकलेल्या घशानं ते असे बोलले की गावोगाव बसलेला माणूस ऐकेल आणि मुकाट्यानं फोनातली गाणी बंद करेल. वकिलांनी नकळत मान डोलावली. शालन आत निघून गेली. चैताली भिंतीला टेकून उभी होती, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

अभिमन्यूनं फोन खाली घेतला. तात्यांनी सगळ्यांकडं बघितलं, आणि मग त्यांची नजर मुलावर येऊन थांबली.

"भूषण," त्यांनी विचारलं, "बरं झालं का रं? का आनखी येकदा म्हनू?"

आता उत्तर दिलं नाही तर म्हातारा खरंच पुन्हा म्हणेल, आणि ते पुन्हा ऐकायची ताकद बुद्धभूषणमध्ये नव्हती.

"नको तात्या," तो म्हणाला. "चांगलं झालं. लई चांगलं म्हटलंत तुम्ही."

उभ्या आयुष्यात बापाच्या आवाजाला त्यानं दिलेली ही पहिली दाद. तात्या क्षणभर त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू सुटला, आणि कार्यक्रम रंगल्यावर हसायचे तसे ते हसले.

"तुला आवडलं व्हय," ते म्हणाले. "मग झालं. पाठवा आता."